आभासी संगणक : फाइलींचा सामाईक वापर

एका प्रत्यक्ष संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने उभारलेला दुसरा, म्हणजे आभासी, संगणक आणि त्याला आधार देणारा मूळ संगणक या दोघांना त्याच फाइली वाचता व लिहिता याव्यात यासाठी केलेली व्यवस्था. मूळ संगणकावरील प्रचालन प्रणालीस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, ‘यजमान प्रणाली’ आणि आभासी संगणकात चालणाऱ्या प्रणालीस ‘अतिथी प्रणाली’ म्हणतात. विंडोज असलेल्या संगणकावर लिनक्स किंवा लिनक्स असलेल्या संगणकावर विंडोज चालविणे ही आता नित्याची गोष्ट आहे. यजमानाच्या फोल्डरातील मजकूर अतिथीत उघडावा, तेथे दुरुस्त करावा आणि पुन्हा यजमानात छापावा, ही अपेक्षा वापरणाऱ्याला अगदी साधी वाटते. दोन्ही प्रणाली एकाच पेटीत व बहुधा एकाच डिस्कवर नांदत असतात, तेव्हा त्यांच्यात अंतर ते कोणते, असा प्रश्न साहजिकच पडतो. वस्तुतः हे अंतर मुद्दाम निर्माण केलेले असते आणि ते कमी करण्याचा प्रत्येक उपाय मूळ हेतूला थोडाफार बाध आणतो.

जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली आभासी यंत्राची लक्षणे काटेकोरपणे मांडली. आभासी यंत्रात आज्ञावली प्रत्यक्ष यंत्रातल्याप्रमाणेच चालली पाहिजे, बहुतेक आज्ञा प्रक्रियकाने परस्पर पार पाडल्या पाहिजेत आणि यंत्राच्या सर्व साधनांवर नियंत्रक आज्ञावलीचा पूर्ण ताबा राहिला पाहिजे, अशा त्या तीन अटी होत. या नियंत्रक आज्ञावलीला हायपरव्हायजर असेही म्हणतात. तिसऱ्या अटीमुळे अतिथीला नेमून दिलेल्या साधनांपलीकडे काहीही दिसत नाही. त्याला जी डिस्क दिसते ती पुष्कळदा यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते. तिला ‘डिस्क-प्रतिमा’ म्हणतात. यजमानाच्या दृष्टीने ती कित्येक गिगाबाइटांची एक बंद पेटी असते. तिच्या आत कोणती फोल्डरे व कोणत्या फाइली आहेत याचे ज्ञान फक्त अतिथीला असते. उलटपक्षी, यजमानाच्या फाइली अस्तित्वात आहेत हेच अतिथीला ठाऊक नसते.

एका डिस्कचे दोन धनी : सर्वांत सोपा वाटणारा व सर्वांत घातक ठरणारा उपाय म्हणजे अतिथी चालू असतानाच त्याची डिस्क-प्रतिमा यजमानाने स्वतःच्या डिस्कप्रमाणे उघडणे. तो का घातक आहे हे समजल्यास पुढील सर्व पद्धतींचे प्रयोजन कळते. डिस्कवरील कोणते खंड मोकळे आहेत व कोणते खंड कोणत्या फाइलीचे आहेत, हे सांगणारी नोंदवही डिस्कवरच असते. तथापि वेग साधण्यासाठी प्रणालीचा गाभा या नोंदवहीच्या वापरातील भागाची प्रत स्मृतीत ठेवतो, तीत फेरफार करतो आणि ते काही सेकंदांनी डिस्कवर उतरवितो. ही सारी पद्धत ‘या डिस्कवर दुसरे कोणीही लिहीत नाही’ या एका गृहीतावर उभी आहे. दोन प्रणालींनी तीच डिस्क हाताळली, तर अतिथीच्या प्रतीत एखादा खंड मोकळा दिसेल आणि यजमानाच्या प्रतीतही तोच खंड मोकळा दिसेल. दोघेही त्यात आपापला मजकूर लिहितील. नंतर लिहिणाऱ्याचा मजकूर राहील आणि आधीच्याची फाइल बिघडल्याचे कोणालाच तत्काळ कळणार नाही. एकाच गावाचे दप्तर दोन तलाठ्यांनी एकमेकांना न विचारता, आपापल्या घरी ठेवलेल्या प्रतींवरून चालविण्यासारखा हा प्रकार होय. खंडाऐवजी नोंदवहीचेच पान असे दुहेरी लिहिले गेले, तर संपूर्ण फोल्डर नाहीसे होते.

ईएक्सटी४, एनटीएफएस यांसारख्या आधुनिक फाइल-प्रणाली प्रत्येक फेरफाराची आधी एका रोजनाम्यात नोंद करतात. त्यामुळे वीज गेली तरी नोंदवही सुसंगत राहते. दुसऱ्या लेखकापासून मात्र हा रोजनामा संरक्षण देत नाही. यजमानाने अतिथीची डिस्क ‘फक्त वाचनासाठी’ जोडली की धोका टळतो, हाही गैरसमजच आहे. ईएक्सटी४ प्रणाली वाचनापुरती जोडली जातानाही, अपुरा राहिलेला रोजनामा पूर्ण करण्याच्या हेतूने डिस्कवर लिहू शकते. ते टाळले तरी वाचणाऱ्याला अर्धी जुनी व अर्धी नवी अशी नोंदवही दिसते. अनेक संगणकांना एकच डिस्क एकाच वेळी वापरू देणाऱ्या जीएफएस२, ओसीएफएस२ यांसारख्या फाइल-प्रणाली उपलब्ध आहेत. परंतु त्यांत प्रत्येक नोंदीसाठी परस्परांकडून कुलूप मागण्याची यंत्रणा लागते आणि घरगुती वा कार्यालयीन संगणकासाठी तो खटाटोप अवाजवी ठरतो. म्हणून व्यवहारात डिस्कचा धनी एकच ठेवतात व दुसऱ्याने जे हवे ते त्याच्याकडे मागावे अशी योजना करतात. अतिथी पूर्णपणे बंद असताना त्याची डिस्क-प्रतिमा यजमानाने उघडण्यास हरकत नाही. ‘पूर्णपणे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अतिथी केवळ निद्रिस्त केलेला असेल, तर त्याच्या स्मृतीतील जुनी प्रत जागी होताच यजमानाने केलेल्या बदलांवर उठते.

इतिहास : हा प्रश्न आभासी यंत्राइतकाच जुना आहे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात रॉबर्ट क्रीझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० ही नियंत्रक आज्ञावली तयार केली व ती जानेवारी १९६७ मध्ये नियमित वापरात आली. फेरफार केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ४० या एका यंत्रावर ती १४ आभासी यंत्रे चालवीत असे. सीपी-६७ ही तिची पुढील आवृत्ती आणि ऑगस्ट १९७२ मध्ये घोषित झालेली व्हीएम/३७० ही तिची व्यापारी वारसदार होय. या प्रणालींत प्रत्येक वापरणाऱ्याला आपला असा स्वतंत्र संगणक मिळे. त्यासोबत त्या काळच्या संगणकाची सर्व उपांगे, म्हणजे छिद्रित कार्डे वाचणारे व कार्डांना छिद्रे पाडणारे यंत्रही, आभासी स्वरूपात मिळत. फाइल दुसऱ्याला पाठविण्याची रीत यातूनच निघाली. पाठविणारा आपल्या आभासी छिद्रण-यंत्राचा रोख दुसऱ्याच्या आभासी वाचकाकडे वळवी व फाइल ८० स्तंभांच्या कार्डांच्या रूपाने ‘छिद्रित’ करी. कागदाचा कपटाही खर्ची न पडता कार्डांचा गठ्ठा पलीकडे जाऊन पडे आणि घेणारा तो सवडीने वाचून आपल्या डिस्कवर उतरवी. ही कल्पना चमत्कारिक वाटली तरी तिच्यात मोठे शहाणपण होते. देणारा व घेणारा यांच्या डिस्का कोणत्याही क्षणी एकमेकींना जोडलेल्या नसत आणि गठ्ठा स्वीकारावयाचा की नाही हे घेणाऱ्याच्या हाती राही.

सामाईक वापरासाठी व्हीएम/३७० मध्ये दुसऱ्याची ‘लघुडिस्क’ आपल्या यंत्राला जोडण्याची सोय होती. वाचणारे कितीही आणि लिहिणारा एक, हा तेथील शिरस्ता होता. एकाहून अधिक लेखकांना परवानगी देणारा पर्यायही आज्ञेत होता, परंतु तो वापरल्यास वर वर्णिलेला दुहेरी नोंदीचा अनर्थ ओढवे. अनेक वापरणाऱ्यांच्या फाइली एका स्वतंत्र सेवक-यंत्राच्या ताब्यात देऊन इतरांनी त्याच्याकडे मागणी करावी, ही व्यवस्था या घराण्यात १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धात आली.

वैयक्तिक संगणकांवर हा विषय पुन्हा उभा राहिला तो १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने आपली पहिली आज्ञावली बाजारात आणल्यानंतर. क्यूईएमयू (२००३), लिनक्सच्या गाभ्यातील केव्हीएम (२००७) व जर्मनीतील इनोटेक कंपनीची व्हर्च्युअलबॉक्स (२००७, नंतर सन व ओरॅकल या कंपन्यांकडे) यांमुळे आभासी संगणक विद्यार्थ्यांच्या टेबलापर्यंत पोहोचले.

पद्धती : फाइल अतिथीत नेण्याचा सर्वांत जुन्या वळणाचा मार्ग म्हणजे ती एका सीडी-प्रतिमेत भरून ती प्रतिमा अतिथीच्या आभासी सीडी-चालकात घालणे. अतिथीला ती केवळ वाचता येते, म्हणून दोन धन्यांचा प्रश्न येत नाही. यूएसबी स्मृतिकांडी यजमानाकडून काढून संपूर्णपणे अतिथीच्या स्वाधीन करता येते. तीही एका वेळी एकाचीच असते. क्यूईएमयूमध्ये यजमानाचे एखादे फोल्डर अतिथीला एफएटी पद्धतीची डिस्क म्हणून भासविण्याची सोय आहे. वाचनासाठी ती बरी चालते, लिहिण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

दुसरा मार्ग नेटवर्कचा आहे. यजमान व अतिथी हे जणू दोन वेगळ्या खोल्यांतील संगणक आहेत असे मानून त्यांच्यात सन कंपनीची एनएफएस (१९८४) किंवा विंडोजमधील एसएमबी या संकेतांनुसार फाइली वाटून घेतात. अँड्रू ट्रिजेल यांनी १९९२ पासून विकसित केलेल्या सांबा या आज्ञावलीमुळे लिनक्स व तत्सम प्रणालींनाही एसएमबीची भाषा बोलता येते. या मार्गाला आभासीपणाचे कोणतेही खास साहाय्य लागत नाही, तो दीर्घकाळ कसोटीला उतरलेला आहे आणि कुलपांची व्यवस्था त्यात आहे. मात्र एकाच पेटीतील मजकूर पाकिटांत भरून आभासी तारेवरून पाठवावा व पलीकडे पुन्हा उलगडावा, हा द्राविडी प्राणायाम त्यात करावा लागतो. त्याखेरीज ज्या अतिथीला सुरक्षिततेसाठी नेटवर्कपासून तोडलेले असते, त्याला केवळ फाइलींसाठी नेटवर्क देणे हे उद्देशाच्या विरुद्ध जाते.

तिसरा व आज सर्वाधिक रूढ मार्ग ‘सामाईक फोल्डर’ हा होय. यात अतिथीमध्ये एक छोटी साहाय्यक आज्ञावली बसवितात. अतिथीतील एखाद्या कार्यक्रमाने सामाईक फोल्डरातील फाइल मागितली की ती डिस्कवर न शोधता ही आज्ञावली मागणी तशीच नियंत्रक आज्ञावलीकडे सोपविते. यजमानावरील एक सेवक कार्यक्रम आपल्या नेहमीच्या अधिकारात ती फाइल उघडतो व मजकूर परत धाडतो. डिस्कचा धनी यजमानच राहतो. व्हीएमवेअर व व्हर्च्युअलबॉक्स यांनी यासाठी आपापले संकेत बनविले. केव्हीएमच्या क्षेत्रात बेल प्रयोगशाळेतील प्लॅन ९ या प्रणालीचा ९पी हा संकेत २०१० च्या सुमारास उपयोगात आणला गेला. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ पासून विंडोजमधील लिनक्स उपप्रणालीच्या फाइली विंडोजला दाखविण्यासाठी हाच संकेत स्वीकारला. बाजारात फारशा न चाललेल्या एका संशोधनपर प्रणालीचा संकेत अशा रीतीने लक्षावधी संगणकांत जाऊन बसला.

या मार्गाचा दोष वेगाचा आहे. मोठी फाइल सलग वाचताना तो फारसा जाणवत नाही. परंतु एखाद्या मोठ्या आज्ञावलीचा मूळ मजकूर हजारो लहान फाइलींत विखुरलेला असतो आणि तो तपासताना प्रत्येक फाइलीचे नाव, आकार व वेळ यांसाठी स्वतंत्र मागणी करावी लागते. दर मागणीला अतिथीतून बाहेर पडणे, सेवकाला जागे करणे आणि पुन्हा आत येणे हा फेरा होतो. म्हणूनच लिनक्सची साधने वापरावयाची असतील तर फाइली लिनक्सच्याच डिस्कवर ठेवाव्यात, असा सल्ला मायक्रोसॉफ्ट देते. नोव्हेंबर २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.४ या आवृत्तीत आलेल्या व्हर्टिओ-एफएस या पद्धतीने या दोषावर बराच मार्ग काढला आहे. दोन्ही प्रणाली एकाच यंत्रात आहेत ही गोष्ट तीत लपवून न ठेवता तिचा लाभ घेतला जातो. यजमानाच्या स्मृतीत असलेली फाइलीची पाने अतिथीच्या स्मृतीत थेट दाखविण्याची योजना तीत आहे (ही सोय लिनक्सच्या गाभ्यात २०२० च्या अखेरीस आली). त्यामुळे मजकुराची दुसरी प्रत करावी लागत नाही व एकाने केलेला बदल दुसऱ्याला तत्काळ दिसू शकतो. ॲपलनेही २०२१ मध्ये मॅकओएस १२ मध्ये हीच पद्धत उपलब्ध केली.

दोन प्रणालींतील मतभेद : फाइल पलीकडे पोहोचली तरी ती तीच राहते असे नाही. विंडोजमध्ये नावातील लहान व मोठी रोमन अक्षरे सामान्यतः एकच मानली जातात, लिनक्समध्ये भिन्न. त्यामुळे लिनक्समधील दोन वेगळ्या फाइली विंडोजच्या फोल्डरात एकमेकींच्या जागेवर येऊ शकतात. लिनक्समधील मालक, गट व इतर यांच्या परवानग्या आणि विंडोजमधील परवानग्यांची यादी यांची सांगड पूर्णपणे बसत नाही. काही व्यवस्थांत तर सामाईक फोल्डरातील सर्व फाइली एकाच मालकाच्या दिसतात व परवानगी बदलण्याची आज्ञा निमूटपणे वाया जाते. एफएटी डिस्कवर बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते, ईएक्सटी४ वर ती नॅनोसेकंदांत असते. कोणती फाइल नवी हे वेळेवरून ठरविणारी साधने त्यामुळे फसतात. यजमानाने केलेल्या बदलाची सूचना अतिथीतील कार्यक्रमाला सहसा मिळत नाही. बदल झाला आहे की नाही हे त्याने पुनःपुन्हा डोकावून पाहावे लागते.

देवनागरी नावांच्या बाबतीत हे मतभेद अधिक तीव्र होतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा, तीन बाइट घेते. ईएक्सटी४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. एनटीएफएसमध्ये मात्र तितक्याच बाइटांऐवजी २५५ चिन्हे मावतात. त्यामुळे विंडोजमध्ये सुखाने नांदणारे शंभर चिन्हांचे मराठी नाव लिनक्सच्या डिस्कवर मुळीच उतरत नाही. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावात आणखी एक अडचण आहे. त्यातील ‘ऱ’ हे वर्ण युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येते किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. ॲपलची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-प्रणाली नावे सुटी करून ठेवीत असे. लिनक्स मात्र नावाकडे केवळ बाइटांची ओळ म्हणून पाहते. परिणामी अशा यजमानाच्या फोल्डरात लिनक्स अतिथीने लिहिलेले नाव परत वाचताना वेगळे येई आणि नावांची तुलना करणाऱ्या कार्यक्रमाला एकाच फाइलीच्या जागी एक हरवलेली व एक नवीन अशा दोन फाइली दिसत. २०१७ पासूनच्या एपीएफएस या प्रणालीत नाव जसे दिले तसे राखले जाते आणि दोन्ही रूपे एकच मानली जातात.

सुरक्षितता : संशयास्पद आज्ञावली तपासण्यासाठी आभासी संगणक वापरतात, कारण तिने आत काहीही उच्छाद मांडला तरी यजमान सुरक्षित राहतो. सामाईक फोल्डर हे त्या भिंतीला पाडलेले दार होय. दारावरील पहारा कसा चुकविता येतो याचे एक उदाहरण फेब्रुवारी २००८ मध्ये उघडकीस आले. विंडोज यजमानांवरील व्हीएमवेअरच्या सामाईक फोल्डरांत, मागितलेल्या मार्गात ‘वरच्या फोल्डरात जा’ असे सांगणारे दोन टिंब आहेत की नाहीत हे तपासले जाई. परंतु ही तपासणी अक्षरसंकेताचे रूपांतर होण्यापूर्वी केली जाई. रूपांतरानंतर दोन टिंब होतील असा मजकूर पाठविला की अतिथीला सामाईक फोल्डराबाहेर, यजमानाच्या कोणत्याही भागात वाचता-लिहिता येई. क्यूईएमयूमधील ९पी सेवकात २०१७ मध्ये दुरुस्त झालेला दोष याच जातीचा होता. तेथे मार्ग तपासणे व तो उघडणे या दोन क्षणांच्या फटीत अतिथी एखाद्या फोल्डराच्या जागी बाहेर नेणारा दुवा ठेवू शके. अशा दुव्यांच्या धोक्यामुळेच व्हर्च्युअलबॉक्समध्ये सामाईक फोल्डरात दुवे निर्माण करण्याची मुभा अतिथीला आपोआप मिळत नाही.

मे २०२० मध्ये सोफोस या सुरक्षा-कंपनीने उजेडात आणलेल्या प्रकरणात कोणताही दोष नव्हता, सोय जशी होती तशीच वापरली गेली. रॅग्नर लॉकर या खंडणीखोर टोळीने शिरकाव केलेल्या संगणकांवर व्हर्च्युअलबॉक्सची जुनी आवृत्ती बसविली, तीत विंडोज एक्सपी हा अतिथी चालविला आणि यजमानाच्या सर्व डिस्का त्याला सामाईक फोल्डर म्हणून देऊन टाकल्या. फाइली कुलूपबंद करणारी आज्ञावली केवळ ४९ किलोबाइटांची होती व ती अतिथीच्या आत चालत होती. यजमानावरील विषाणुरोधकाला ती दिसतच नव्हती. त्याला एवढेच दिसे की, व्हर्च्युअलबॉक्स हा विश्वासू कार्यक्रम फाइलींत बदल करीत आहे. येथे भिंतीने अपराध्यालाच आडोसा दिला.

या अनुभवांवरून काही प्रघात रूढ झाले आहेत. संपूर्ण डिस्क किंवा वापरणाऱ्याचे घर-फोल्डर कधीही सामाईक करू नये. केवळ त्याच कामासाठी निर्मिलेले रिकामे फोल्डर द्यावे. अतिथीला वाचणे पुरेसे असेल तेथे लिहिण्याचा अधिकार देऊ नये व काम संपताच जोडणी काढावी. माहितीसंचांच्या म्हणजे डेटाबेसच्या फाइली सामाईक फोल्डरात ठेवून दोन्ही बाजूंनी उघडू नयेत, कारण कुलपांचे संकेत भिंतीपलीकडे पोहोचतीलच याची खात्री नसते. सामाईक फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. अतिथीत पुसलेली फाइल यजमानातूनही पुसली जाते. ज्यांना विभक्तपणा सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्यांनी सामाईक फोल्डर पूर्णपणे वर्ज्य केले आहे. योआना रुटकोव्स्का यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्यूब्स ओएस या प्रणालीत एका आभासी यंत्रातून दुसऱ्यात फाइलीची केवळ प्रत पाठविता येते. प्रत्येक वेळी वापरणाऱ्याला संमती विचारली जाते आणि आलेली प्रत घेणाऱ्या यंत्रातील एका वेगळ्या फोल्डरात ठेवली जाते. [→ संगणक, प्रचालन प्रणाली].